बंद न केलेला माइक

हे मी घरात कधी बोलले नाही, कामाच्या माणसांशी नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका. मलाही ते नीट माहीत नाही.

मी चौलची. घरची नारळ-सुपारीची वाडी आहे, पण मी वाडीत कमी आणि लॅपटॉपसमोर जास्त. पुण्यातल्या एका मित्राबरोबर मी कबड्डीचं ॲप काढलं होतं. आपल्या गावोगावच्या सामन्यांचे गुण आणि थेट कॉमेंट्री. चित्र नाही, फक्त आवाज. जहाजावर, न्हावा शेवा बंदरात, आखातात कामाला गेलेली इथली माणसं कानाला फोन लावून आपल्या गावाचा सामना ऐकायची.

आणि तो आवाज होता सुधीरदादांचा. थळचे. तरुणपणी स्वतः चढाईला जायचे, गुडघा दुखावला तेव्हा हातात माइक आला. "त्याचा डावा पाय बघा, लबाड हाय तो पाय," असं ते म्हणायचे आणि न बघताही तो पाय दिसायचा. मला ते 'बाय' म्हणत. माझ्या लग्नात रांधायला लागणारी सगळी मासळी त्यांनी स्वतः निवडून आणली होती. हे मुद्दाम सांगतेय. ते कोण होते, हे मला ठाऊक होतं. चांगलंच ठाऊक होतं.

मग आम्ही ॲपमधली ऑडिओची सोय नव्याने करायला घेतली. जुन्यात एक खोट होती – कॉमेंट्री करणाऱ्याला मध्येच फोन आला, स्क्रीन लॉक झाली, की आवाज तुटायचा. ऐन शेवटच्या चढाईला लोक बहिरे व्हायचे. म्हणून मी रचना बदलली. 'सामना संपला' हे बटण दाबेपर्यंत माइक चालूच राहील. चाचणीची आवृत्ती फक्त दादांच्या फोनमध्ये होती; लोकांना सामना जुन्याच सोयीतून ऐकू जायचा, आणि नव्या आवृत्तीचा आवाज फक्त माझ्याकडे यायचा.

दादा ते बटण दाबायला विसरायचे.

पहिल्यांदा मला खुर्च्या उचलल्याचा आवाज ऐकू आला, मग कुणीतरी चहा मागितला, मग स्कूटर सुरू झाली. मला हसू आलं. तेव्हाच फोन करून सांगायचं होतं – दादा, माइक चालू आहे. एवढंच. सांगितलं का? नाही. कारण त्याच सुमारास माझ्या डोक्यात एक किडा शिरला होता.

नवी मुंबईतल्या एका कंपनीच्या ॲपमध्ये 'मागची चढाई पुन्हा ऐका' असं बटण आलं होतं. तसंच बटण आम्ही करत होतो, दादांना दाखवलं होतं, पण अजून लोकांना दिलं नव्हतं. मग त्यांना कळलं कसं? आता वाटतं, अशी गोष्ट कुणालाही सुचू शकते. तेव्हा वाटलं नाही. त्यात कुणीतरी बोललं की सुधीर हल्ली सारखा पनवेलला जातो. मी सहज विचारलं, तर दादा म्हणाले, "काम हाय जरा," आणि विषय बदलला. दादा कधी विषय बदलत नसत.

बस. मग मी ऐकायला लागले. एकदा चुकून नाही – रोज. सामना संपला की हेडफोन काढायचा नाही. त्यांची बायको वंदनावहिनी, तिच्याशी होणारं भांडण, समेट, देवासमोरचं पुटपुटणं. दुसऱ्याच्या घरात पलंगाखाली लपून बसावं तशी मी बसले होते, आणि मनाला सांगत होते की चाचणी चालू आहे.

एके दिवशी ऐकलं. दादा वहिनींना सांगत होते, "तिला आत्ता काय सांगू नको. मी दुसरीकडं बोलून ठेवलाय. पुढच्या महिन्यापासून माझा आवाज तिला न्हाय मिळायचा."

झालं. मला हवं होतं ते मिळालं. विचारलं का त्यांना? कसं विचारणार – ऐकलं कुठून, ते सांगावं लागलं असतं. शिवाय, खरं सांगू? मला विचारायचंच नव्हतं. मला आधी वार करायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी थळला गेले, त्यांच्या पडवीत बसले, वहिनींनी दिलेलं सरबत प्यायले आणि म्हणाले, "दादा, लोकांच्या तक्रारी येताहेत. तुमचं बोलणं आता कळत नाही म्हणतात. आवाज फाटतो. आपण दुसरं कुणीतरी बघू या."

एकही तक्रार आली नव्हती. ते सगळं मी वाटेत रचलं होतं.

दादांचा हात गळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. मग म्हणाले, "व्हय का. बरं झालं सांगितलंस, बाय."

पेणच्या एका शाळेतले मिलिंदसर कॉमेंट्री छान करायचे. मी त्यांना विचारलं, ते ताबडतोब हो म्हणाले. इतक्या ताबडतोब, की मला त्यांचाही संशय आला. पहिल्याच सामन्याला सर म्हणाले, "तुमचा फोन येणार हे माहीत होतं मला. सुधीरदादांनी कधीच बोलून ठेवलं होतं. त्यांच्या गळ्यात गाठ आहे ना, पनवेलला ऑपरेशन आहे. म्हणाले, बाय अडचणीत यायला नको."

दुसरीकडे म्हणजे हे.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी आवाज पूर्ववत होईल असं सांगितलं, आणि झालाही. मी भेटायला गेले, फळं नेली. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर बोलतात सगला ठीक हाय, पण हे माइकला हात लावत न्हाईत." मी मान हलवली. फळं कापायला मदत केली.

गेल्या हिवाळ्यात काशीदला सामने होते. अंतिम सामन्याआधी मंडळाची पोरं दादांकडे आली, माइक पुढे केला. दोनच वाक्यं बोला म्हणाली. दादा हसले, म्हणाले, "न्हाय रे. माझा आवाज आता लोकांना कळत न्हाय. आमच्या गौरीबायनंच सांगितलं, म्हणून मी वेळेवर थांबलो."

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारीच उभी होते. ते खोटं होतं, असं म्हणायला तिथे मला कोण अडवत होतं?

पोरं माइक घेऊन परत गेली. सामना सुरू झाला. दादांनी माझ्यासाठी बाकावर जागा केली, आणि मी बसले.