दसऱ्याला गुदमरलेलं इंजिन

"त्याला भंगारात घालायचं असेल तर आधी मला घाला!" असं मी साहेबांच्या तोंडावर बोललो आणि जीभ चावली. पण बोललो ते बोललो. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. नाशिकजवळच्या आमच्या कारखान्यात कोळशाच्या वाघिणी ओढणारं जुनं डिझेल इंजिन बंद पडलं होतं. साहेब म्हणाले, "ठीक आहे. दसऱ्याला भरलेल्या वाघिणी चढावर नेऊन दाखवा. नाहीतर इंजिन भंगारात आणि तुमची फिटरांची टोळी कोळसा उतरवायला."

मग काय, अख्खा पावसाळा आम्ही त्याच्या पोटात डोकं घालून होतो. पिस्टन, लायनर, बेअरिंगा, सगळं उपसलं. पार्ट हुडकायला मनमाडला खेपा घातल्या. बायको म्हणायची, "त्याच्याशीच संसार मांडा!" पण काय मजा येत होती म्हणून सांगू! पहिल्यांदा धडधडलं तेव्हा मी सगळ्यांदेखत नाचलो.

दसऱ्याला ड्रायव्हरमामांना भलताच हुरूप. घरच्या मळ्यातला झेंडू त्यांनी पोत्यांनी आणला. माळा, केळीची पानं लावून इंजिनाचा पार नवरदेव केला. नारळ फुटला, साहेब आले, मामांनी वाघिणी ओढायला घेतल्या.

आणि अर्ध्या चढावर इंजिनाने काळाकुट्ट धूर ओकला. आवाज बसला, वेग मेला. पिस्टन नवे, डिझेल साफ, मग मेलं झालं काय याला? धावत बाजूला गेलो तर हवा आत घ्यायच्या जाळीवर पानं आणि माळा गच्च चिकटलेल्या!

"अहो मामा, नवरदेवाचं नाकच बांधलंत की!" मी इंजिनाच्या कडेच्या फळीवर चढून सगळं ओरबाडायला लागलो.

मामा कळवळले, "अरे, पूजेची फुलं आहेत, पायदळी जातील!"

"जाऊ द्या! देवाला कळतं सगळं!"

टोळीतले बाकीचेही चढले. मूठमूठ झेंडू रुळांवर पडत होता. धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला आणि इंजिनाने असा काही हुंकार दिला की अंगावर काटा आला. बघता बघता वाघिणी माथ्यावर! मी रडत होतो, खरंच सांगतो.

साहेब चढ चढून आले. शाबासकी देतील असं वाटलं. ते म्हणाले, "शेडमागे आणखी एक पडलंय ना, गवत उगवलेलं? ते कधी उघडताय?"

मी तेलकट हातांनी सरळ साहेबांना मिठी मारली.