ट्यूबलाइटखालचा गोरेपणा

शाळेत सरांनी लोलकातून ऊन भिंतीवर पाडलं आणि सांगितलं, की वस्तूवर जो उजेड पडतो त्यातला जेवढा ती परत पाठवते, तेवढाच तिचा रंग. मॅट्रिकच्या पेपरात मी हे बिनचूक लिहून आले. आमच्या आत्याला मात्र हे शास्त्र उपजतच येत होतं. कटंगीहून मला पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर तिने बैठकीतला हिरवा पडदा काढून टाकला, कारण त्याची झाक तोंडावर पडली की पोरगी आजारी दिसते. मला गुलाबी पातळ नेसवलं, तोंडाला पावडर थापली. पिवळा बल्ब उतरवून शेजाऱ्यांची नवी ट्यूबलाइट मागून आणली. त्या उजेडात आमचा काळा बोकाही खानदानी दिसायचा. आधीची दोन स्थळं रंगावरूनच परत गेली होती, त्यामुळे आईने या स्थळासाठी उपास धरले होते.

पाहुणे संध्याकाळी यायचे ते दुपारच्याच बसने बालाघाटला उतरले. आत्या डगमगली नाही. भर उन्हाळ्यात खिडक्या लावून तिने ट्यूब पेटवली आणि सगळे सभ्यपणे घाम पुसत बसले.

मुलाच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. चहा संपल्यावर ते म्हणाले, "पोरीले जरा उनात आणा. बत्तीत रंग समजत नाही."

गिऱ्हाईक लुगडं दुकानाच्या दारापर्यंत नेऊन पाहतं, तसं मला ओसरीच्या पायरीवर नेण्यात आलं. त्यांनी माझं मनगट उलटसुलट करून पाहिलं. ताणून पाहिलं नाही, ही त्यांची मेहेरबानी. मग बायकोला सांगितलं, की फोटोपेक्षा गडद आहे. फोटो काळा-पांढरा होता. माझं डोकं फिरलं.

"आता पोरालेही उनात आणा," मी म्हटलं. "मलेही पाहू द्या."

मुलगा बिचारा आज्ञाधारक, उठून बाहेर आला. त्याच्याही कपाळावर पावडर होती. तिच्यातून घामाचे ओघळ उतरले होते आणि ओघळांखाली तो माझ्याइतकाच सावळा होता. मला हसू आलं आणि सोयरीक तिथेच मोडली.

ते गेल्यावर आत्याने माझ्या जिभेचा उद्धार केला. वडील ट्यूब परत द्यायला गेले. आई रागावेल अशी माझी तयारी होती, पण ती पदर ओला करून माझ्या तोंडावरची पावडर पुसायला लागली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"माह्यावर गेली वं तू," ती म्हणाली. "माफ कर मले."

चारचौघांत उन्हात उभं केलं तेव्हा न आलेलं रडू मला तेव्हा आलं.