आधी सोडवा, मग मोजा

आदरणीय वनमालाबाई रामटेके यांची आणि माझी पहिली गाठ लाखनीला, माझ्या दुकानात पडली. भंडाऱ्यातून गोंदिया नुकताच वेगळा झाला होता आणि मी हायवेच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करत होतो. बाई एस.टी.तून उतरल्या, पाटीवरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "गणपतराव, एक मेलेली बॅटरी द्या."

मला 'राव' लावणारं ते पहिलं माणूस.

"मेलेली कायले पायजे बाई? चांगली घ्या ना."

"चांगली कोणीही दाखवेल. मला पोरांना बिघडलेली दाखवायची आहे."

ती बॅटरी मीच शाळेत पोचवली आणि वर्गाच्या दारात उभा राहून पूर्ण तास ऐकला. माझी स्वतःची शाळा सातवीतच सुटलेली. बाईंनी टॉर्चचे सेल एकापुढे एक लावले, बल्ब लख्ख पेटला. मग तेच सेल शेजारी शेजारी ठेवून अधिकला अधिक, उण्याला उणे जोडलं; उजेड एका सेलइतकाच, पण जास्त वेळ टिकणारा. सीरिज आणि पॅरलल मी रोज हाताने करत होतो, काहून करतो ते त्या दिवशी कळलं. शेवटी चांगल्या सेलांमध्ये एक संपलेला घालून त्यांनी विचारलं, "दोषी कोण?" पोरांनी भराभर बोटं दाखवली. बाई म्हणाल्या, "जोडलेलं असताना कोणाला दोषी म्हणायचं नाही. आधी सोडवा, मग एकेकट्याला मोजा."

पुढे कित्येक रविवारी बाई दुकानात येऊन बसत. कंपन्यांचे इंग्रजी कागद मला वाचून दाखवत, मीटर कसं धरायचं ते शिकवत. चहासुद्धा माझ्या बायकोने आग्रह केला तरच घेत. "शिकवल्याचं काही घेतलं, की शिकवलेलं हलकं होतं," असं त्यांचं म्हणणं. आज हायवेवर माझं पक्कं दुकान आहे, त्याच्या पायाभरणीत ते रविवार आहेत.

गौरवलेखात लिहिणाऱ्याने स्वतःची लाज मांडायची नसते, एवढं मला कळतं. पण गेल्या महिन्यात जे झालं ते गाळून लिहिलं, तर हा लेख बाईंसमोर ठेवायची माझी हिंमत होणार नाही.

बाईंना शाल नको होती, हार नको होते. म्हणून पंचाहत्तरीनिमित्त गावच्या अभ्यासिकेत इन्व्हर्टर बसवायचं ठरलं. लग्नघरी जसे घरोघरून तांदूळ येतात, तशा लोकांनी आपापल्या बॅटऱ्या आणल्या. सगळीच माझी गिऱ्हाइकं. नाही कोणाला म्हणायचं? त्यातल्या चार मी वरवर पाहून निवडल्या, दोन-दोन सीरिजमध्ये लावल्या आणि त्या दोन जोड्या पॅरललमध्ये. एका जोडीत सत्कार समितीच्या अध्यक्षांची ट्रॅक्टरवरची बॅटरी आली. तिच्या जोडीला आली शेवंताची. शेवंता बाईंची जुनी विद्यार्थिनी, आठवडी बाजारात भज्यांचा ठेला लावते. ठेल्यावरच्या दिव्याची बॅटरी काढून तिने बाईंसाठी दिली होती.

चाचणीच्या संध्याकाळी चार्जिंग सुरू केलं आणि थोड्याच वेळात उग्र वास सुटला. बॅटरी मी आवाजावरून ओळखतो, अशी माझी तालुक्यात ख्याती. सगळ्यांसमोर वाकलो, कान लावला आणि निकाल दिला, "हे खदखदून राहिली. हे गेली."

ती शेवंताची होती.

अध्यक्ष म्हणाले, "काहून वं शेवंता, भज्याच्या तेलात तळली का बॅटरी?" सगळे हसले. मीही हसलो.

"तुमच्याच दुकानातली हाये भाऊ," शेवंता मला म्हणाली. "इकताना तर लय गुण गायले होते." तिने पदराची चुंबळ केली, बॅटरी डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या कानावर गेलं. त्या मीटर घेऊनच अभ्यासिकेत आल्या. राहिलेल्या तिन्ही बॅटऱ्या मला सोडवायला लावल्या, थोडा वेळ तशाच ठेवल्या आणि एकेकटी मोजली. दोन ठीक. अध्यक्षांची बाराच्या जागी जेमतेम दहा व्होल्टवर. तिच्या आतल्या सहा सेलांपैकी एक मेलेला. ती आपल्या वाट्याचं घेत नव्हती, म्हणून जास्तीचा सगळा भार जोडीदारणीवर पडत होता. शेवंताची खदखदत होती ती त्यामुळे. जिच्यावर भार पडला तिलाच मी खराब ठरवलं होतं, आणि तेही कानाच्या भरवशावर, बाईंनी धरायला शिकवलेलं मीटर दुकानात टांगलेलं असताना.

बाईंनी मीटर पिशवीत टाकलं. "चला बाजारात," एवढंच म्हणाल्या. सांज होत होती. शेवंताच्या ठेल्यावर दिवा लख्ख लागला होता, त्याच 'गेलेल्या' बॅटरीवर. बाईंनी मागून घेऊन भजी खाल्ली आणि म्हणाल्या, "शेवंता, तुझी बॅटरी नसेल तर सत्काराला मीही नसेन."

"बॅटरी देईन बाई. पण लोकं हासले, त्याचं काय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कान धरले. "चुकलो शेवंता, माफ कर."

"अठी काय म्हणता भाऊ? अठी तर कढईच आयकून राहिली. तठी म्हना, जठी हासले."

अध्यक्षांनी आपली बॅटरी मुकाट्याने परत नेली. तेव्हा कोणी हसलं नाही, हेही मला टोचलं.

सत्काराच्या दिवशी शेवंता बॅटरी घेऊन येणार आहे. मंचासमोर ती एकटी ठेवायची, मी मोजायची, आकडा मोठ्याने वाचायचा आणि माफी मागायची, मगच बाई खुर्चीवर बसणार, असं ठरलं आहे. त्या दिवशी कदाचित माझा आवाज फुटणार नाही, म्हणून इथे आधीच लिहून ठेवतो: बॅटरी चांगली होती, शेवंता खरी होती, मी चुकलो.

बाईंना शंभर वर्षांहून अधिक आयुष्य लाभो. त्यांची नजर मीटरचा काटा वाचण्याइतकी स्वच्छ राहो, आणि हातात माझे कान उपटण्याइतका जोर राहो. कान त्यांच्यासाठी हजर आहेत. या कानांचा दुसरा फारसा उपयोग नाही, हे आता मला कळलं आहे.