कानवाल्या भाऊंचा फोन

कानवाल्या भाऊंना माणसाचं बोलणं दोनदा सांगावं लागे, मोटरचं एकदाच पुरे. चंद्रपुरातल्या सांडपाण्याच्या पंपघरावर ते सव्वीस वर्षं ऑपरेटर होते. हातात कायम एक लोखंडी सळई. तिचं एक टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. ही विद्या ते तरुणपणी मूल गावच्या राईस मिलमध्ये शिकले होते. मी तिथं नवी इंजिनिअर म्हणून गेले तेव्हा मला वाटलं, म्हातारा नाटकी आहे.

नाटकी नव्हते, हट्टी होते. पंपघराच्या खालच्या अंगाला सखल वस्ती आहे आणि तिच्यातलं शेवटचं घर भाऊंचं. पंप थांबले की पंपघरातल्या साठवणीच्या विहिरीत सांडपाणी चढतं आणि उलटं फिरून वस्तीतल्या संडासांतून वर येतं. एकदा ते भाऊंच्या चुलीपर्यंत आलं होतं. त्यानंतर त्यांनी विहिरीच्या भिंतीवर चुन्याची रेघ मारली. "पानी इथी आलं का माही बायको भांडे उचलाले लागते," ते सांगत. पाण्याची पातळी आम्ही मीटरमध्ये मोजायचो, भाऊ भांड्यांवरून.

दोन्ही पंप म्हातारे झाले होते. पाण्यात बुडून चालणारे नवे पंप मंजूर झाले तेव्हा भाऊंनी विहिरीत वाकून पाहिलं.

"हे त बुडूनच राह्यतीन. मंग मी कान कुठी लावू?"

मी म्हटलं, कान लावायची गरजच नाही, पॅनलवर हिरवी बत्ती लागेल.

"बत्ती बत्तीचं सांगते, मॅडम."

मे महिन्याच्या उन्हात पहिला नवा पंप बसला. बत्ती हिरवी लागली, कंत्राटदाराने पेढे वाटले. कागदावर ऑपरेटरची सही झाली की उरलेला जुना पंपही काढून भंगारात जायचा होता, त्यासाठी ट्रक दारात उभा होता. भाऊंनी सळई बाहेर जाणाऱ्या पाइपाला लावली, बराच वेळ ऐकलं आणि पेन परत केलं.

"काऊन, काय झालं?" कंत्राटदाराने विचारलं.

"पंप फिरून राह्यला, पानी फेकून नाई राह्यला."

मी चिडले. तुमच्या एका सहीसाठी ट्रक दिवसभर उभा राहणार नाही, असं चार माणसांत सुनावलं. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं. डोक्यावर दुपट्टा घेऊन ते जुन्या पंपाशेजारी बसून राहिले.

तासाभरात विहिरीतलं पाणी चढत चढत रेघेपासून वीतभर अंतरावर आलं. भाऊ उठले, जुना पंप सुरू केला आणि पाणी उतरवलं. मग दोष सापडला. नव्या पंपाच्या दोन फेजच्या वायरी अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरत होती. उलट्या मोटरलाही बत्ती हिरवीच लागते. मी भाऊंची माफी मागितली. तीही दोनदा मागावी लागली.

पुढे ते निवृत्त झाले, पण ऐकणं सुटलं नाही. घरामागे गटाराच्या चेंबरचं लोखंडी झाकण होतं, त्याला सळई लावत आणि मला फोन करत. "मॅडम, पानी हळू होऊन राह्यलं. पाहून घ्या." एवढं बोलून फोन ठेवत. माझं उत्तर त्यांना तसंही ऐकू आलं नसतं. कधी माझी चिडचिड व्हायची, पण मी माणूस पाठवायची, आणि बहुतेक वेळा पंपात चिंधी अडकलेली सापडायची.

गेल्या पावसाळ्यात त्यांची सून ऑफिसात आली, दुसऱ्या दिवशीच्या तेरवीचं सांगायला. भाऊ झोपेत गेले, त्याचा तो बारावा दिवस होता. मला तिला खुर्ची द्यायचंही भान राहिलं नाही.

फोन येत नाही, म्हणजे पंप नीट चालले आहेत, असं मी ते बारा दिवस धरून चालले होते. पंप नीटच चालले होते.