माहेरच्या झिऱ्याचं पाणी

सासूबाईंनी बत्तीस वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, फक्त हुकूम सोडले होते. त्यामुळे यंदाच्या फेब्रुवारीत अंथरुणावरून त्या म्हणाल्या, "सुमन, माझ्या माहेरच्या झिऱ्याचं तांब्याभर पानी आनशील का गं?" तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी सकाळी नगरच्या स्टँडवर श्रीगोंद्याची एसटी पकडली. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या घोटभर पाणीही घेत नव्हत्या. नळाच्या पाण्याला म्हणे लोखंडाचा वास येतो. इतकी वर्षं तो वास कुठे होता, हे मी विचारलं नाही.

झिरा (नदीच्या कोरड्या वाळूत हाताने उकरलेला पाण्याचा खड्डा) मी कधी पाहिला नव्हता, पण ऐकून पाठ होता. पहिलं गढूळ पाणी तीनदा उपसून टाकायचं, निवळेपर्यंत गप्प बसायचं, मग वाटीवाटीने हंडा भरायचा. त्यांच्या गावात प्रत्येक घराची झिऱ्याची जागा ठरलेली. लेक सासरी निघाली की आपली जागा धाकट्या भावंडाच्या हवाली करून जायची. सासूबाईंनी आपली जागा भावाला दिली होती.

श्रीगोंद्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास गेला. पुढे वडापची (माणसं कोंबून नेणारी) जीप मिळाली. फाट्यावर उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. त्यामुळे मामांच्या, म्हणजे सासूबाईंच्या त्या भावाच्या दारात मी एक चप्पल हातात घेऊन उभी राहिले. मामा सत्तरीच्या पुढचे, घरात एकटेच. त्यांनी आधी काही न विचारता तारेने चप्पल बांधून दिली.

"आक्का कशी हाय?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं आणि कशासाठी आले तेही सांगितलं. मामा उठून चुलीकडे गेले. आधी चहा, मग बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, मग ऊन जरा उतरू द्या. पिठलं फार चांगलं झालं होतं. पण माणूस वेळ काढतोय, हे मला कळत होतं.

शेवटी आम्ही भीमेच्या पात्रात उतरलो. सासूबाईंच्या बोलण्यात तिथे पांढरी वाळू होती, अनवाणी धावलं तर पाय भाजणारी. मला दिसली ती एकापुढे एक हिरवी तळी, त्यांच्या काठाला चिकटलेल्या पिशव्या आणि मधून मधून काळी चिकणमाती.

"मामा, ही तळी कधी खणली?"

"तळी न्हाईत, सूनबाई. वाळू काढली त्याचे खड्डे हायेत." ते काठावर बसले. "आमची अक्कल बघा. पैल्या पावसात खड्डे तुडुंब भरले. आमाला वाटलं, वाळू गेली पर तळी मिळाली. बायकांनी खणा-नारळानं ओटी भरली खड्ड्याची! दोन-तीन वर्सात झिरे आटले, मग हिरी आटल्या. पानी वाळूत ऱ्हातं, हे कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई."

"पण तुम्ही अडवलं नाहीत?"

"वाळूच्या ट्रॅक्टरला वाट माज्याच रानातनं हुती." ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग ते उठून बाभळीच्या सावलीत गेले. तिथे खाटेएवढी वाळू उरली होती. गुडघे टेकून ते दोन्ही हातांनी उकरू लागले. कोपरभर खोल गेल्यावर काळपट ओल आली. त्यांनी ती तीनदा उपसली आणि हात आवरून बसले. "थांबा, निवळंल," म्हणाले. आम्ही बराच वेळ बसलो. काही निवळलं नाही. खड्ड्याच्या तळाशी नुसता चिखल होता, आणि तरी तो म्हातारा वाट बघत होता. मला रडू आलं.

घरी आल्यावर त्यांनी फिल्टरच्या जारमधून माझी बाटली भरली. धुतलेल्या फडक्यातून दोनदा गाळून, टोपण घट्ट लावून दिली. "आक्काला झिऱ्याचंच म्हना. तिनं जागा माज्या हवाली केल्ती."

मी मान डोलावली. पण शाळेत जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेली बाई मी. मरणाऱ्या माणसाला खोटं पाणी कसं पाजायचं? श्रीगोंद्याच्या स्टँडबाहेर एका लिंबाच्या बुंध्याशी मी बाटली ओतून दिली. तेव्हा मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता.

रात्री सासूबाईंजवळ बसून सगळं सांगितलं. वाळू, खड्डे, मामांच्या रानातली ट्रॅक्टरची वाट, बाभळीखालचा चिखल. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"म्हंजी रिकामी आलीस?"

"मामांनी जारचं पाणी दिलं होतं. मी ओतून टाकलं. खोटं कशाला..."

त्यांनी डोळे उघडले. "अगं, माझ्या भावानं भरलेलं हुतं ना ते?"

एवढंच बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बराच वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. एवढी साधी गोष्ट मला शिकलेलीला कळली नव्हती.

पहाटेच मामांना फोन केला. "आणखी एक बाटली भराल का? मी निघाले आहे."

"आक्काला समजलं?"

"समजलं. त्यांना तुमच्या हातचंच पाणी हवं आहे."

"फाट्यावर घिऊन येतो," ते म्हणाले.

श्रीगोंद्यात जीपमध्ये बसले आणि ह्यांचा फोन आला. आई गेली म्हणाले. मामांना मीच सांगते, एवढं बोलून मी फोन ठेवला.

जीप फाट्यावर थांबली. मामा डोक्याला स्वच्छ पटका बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली छातीशी धरून उभे होते. खरं सांगायची एवढी हौस असलेल्या मला जीपमधून उतरवेना.