सुनंदाताईंचा डावा पंख

"हात भरून आला," कॅप्टन परांजपे विमानातून उतरताच म्हणाले. "वर गेल्यापासून स्टिक उजवीकडे दाबून धरलीय. जरा सोडली की डावा पंख खाली. हे नीट झाल्याशिवाय मी परत बसणार नाही."

बारामतीच्या धावपट्टीच्या कडेला आम्ही तिघं उभे होतो. मी, विमानाचे मालक दत्तोबा शिंदे आणि त्यांच्या पत्नी सुनंदाताई. दत्तोबांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं विमानाकडे.

"डावा पंख हिनं केलाय," दत्तोबा मला म्हणाले. मी न विचारताच.

माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. निवृत्त होऊन बारामतीत राहायला आलो तेव्हा वाटलं होतं, आता विमानाशी संबंध फक्त मान वर करून बघण्यापुरता. तेवढ्यात जवळच्या अंथुर्णे गावचे हे दत्तोबा दारात आले. धंदा ट्रॉल्या आणि बागांना फवारणी करणारी यंत्रं बनवायचा. गाई विकल्यावर गोठा रिकामा झाला, त्यात त्यांनी दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. किट आणून, पुस्तक वाचून, नवरा-बायकोनं मिळून. परवानग्यांची कहाणी मोठी आहे, ती इथे सांगत नाही. तपासणी मी करायची असं ठरलं.

विमानाचा पत्रा रिव्हेटनं जोडतात. एकानं बाहेरून गन चालवायची, दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा. उजव्या पंखाला गन दत्तोबांच्या हातात होती. डाव्याला सुनंदाताईंच्या. म्हणून तो 'तिचा' पंख.

आमच्या भाषेत या दुखण्याला हेवी विंग म्हणतात. पंख वजनानं जड झाला असं नव्हे. हवेत तो दुसऱ्यापेक्षा कमी उचलला जातो, म्हणून एक बाजू सारखी कलते. सायकलच्या एकाच हँडलला दुधाची किटली अडकवली की जसं होतं तसं. पडत कुणी नाही, पण सुखानं जाताही येत नाही.

मी नेहमीच्या क्रमानं निघालो. आधी पेट्रोल. दोन्ही पंखांतल्या टाक्या सारख्या भरल्या. कॅप्टनना विनवून पुन्हा एक फेरी मारायला लावली. फरक शून्य. मग पंखांच्या मागच्या कडेला हलणारे भाग असतात ते तपासले. एकूण एक जागच्या जागी.

"उजव्या पंखात थोडी वाळू भरू का?" दत्तोबांनी विचारलं.

"दत्तोबा, विमान आहे. ट्रॉली नाही."

एक सोपा उपाय होता. मागच्या कडेला छोटी पट्टी लावायची, ती जरा वाकवायची, हवा तिच्यावर दाबून पंख वर ठेवते. पण कारण न शोधता पट्टी लावणं म्हणजे ताप का आलाय ते न बघता गोळी देणं. मला ते कधी पटलं नाही.

राहिला पंख बसवण्याचा कोन. पंख विमानाच्या धडावर पुढची कड, म्हणजे नाक, किंचित वर करून बसवतात आणि तो कोन दोन्हीकडे सारखा लागतो. दत्तोबांच्या वहीत त्याची मापं होती. डावा, उजवा, मिलिमीटरपर्यंत सारखे. अक्षरही सुरेख. मी खूश होऊन पान उलटलं.

मग उरलं एकच. बांधतानाच डाव्या पंखाला पीळ बसला असणार. मी तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'डाव्या पंखाचे काम सदोष असण्याची शक्यता. पत्रा उघडून पाहणे.' खाली सही केली.

सुनंदाताईंनी ते वाचलं.

"साहेब, कुठलं रिव्हेट वाईट हाय ते दाखवा. मग उघडा."

मला दाखवता आलं नाही. एकही वाईट नव्हतं.

"मी डाळिंबं निवडती," त्या म्हणाल्या. "एक डागी फळ खाली गेलं तर आख्खी पेटी मागं येती. जे रिव्हेट मला पटलं न्हाय ते मी तितंच काढून दुसरं मारलंय. ह्यांना इचारा."

"अगं, पण काय तरी चुकलंच आसंल की," दत्तोबा म्हणाले. "उघडून बघू. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच होतं. पत्रा उघडायचा म्हणजे एकेक रिव्हेट ड्रिलनं काढायचं. दोन उन्हाळ्यांचं काम मोडायचं, तेही 'सदोष' असा शिक्का मारून. सुनंदाताईंनी आम्हा दोघांकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं.

पंख उघडायला, तो बांधताना वापरलेला लाकडी स्टँड लागणार होता. तो गोठ्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं अंथुर्ण्याला गेलो. स्टँडवर धुळीचा थर होता. सुनंदाताईंनी बादलीभर पाणी त्यावर ओतलं.

पाणी फरशीवर पसरलं आणि पसरून थांबलं नाही. सगळं मिळून दाराकडे तोंड केलं की डाव्या हाताला येणाऱ्या कोपऱ्याकडे निघालं आणि तिथल्या मोरीतून बाहेर गेलं. मी त्याच्या मागे मागे मोरीपर्यंत गेलो.

"दत्तोबा, फरशीला उतार आहे?"

"गोठा हाय न्हवं! शेण-मूत धुऊन जाया नको? गवंड्याच्या मागं लागून काढून घेतलाय." आवाजात अभिमान होता.

"विमानाचं तोंड कुठे होतं?"

"दाराकडं."

"आणि पंखांचा कोन कशावर मोजला?"

"धड लेव्हल लावून सरळ केलं. पंख टेपनं मोजले, फरशीपास्नं. ट्रॉलीची चेसी मी तशीच..."

दत्तोबा मोरीकडे बघत उभे राहिले.

उजव्या पंखाखालची फरशी सपाट होती. डाव्याखालची पुढच्या बाजूला उतरत गेलेली. पंखाची पुढची कड ठरलेल्या बोल्टांवर बसते. मागच्या बोल्टाचं भोक शेवटी, मोजून पाडतात. दत्तोबांनी फरशी सरळ धरून मोजलं, डाव्याची पुढची कड टेपवर जास्त उंच भरली, म्हणून मागचीही तेवढी वर घेतली गेली. पंखाचं नाक तेवढं खाली गेलं. वहीतली मापं खरी होती, जमीन खोटी होती. मी वही तपासली होती, विमान नाही.

बारामतीला येऊन डिजिटल लेव्हल पंखांना लावली. डाव्याचा कोन अर्ध्या अंशानं कमी. हे काम पाच मिनिटांचं होतं आणि पहिल्याच दिवशी करायचं होतं. मला लाज वाटली.

जुन्या भोकाला खेटून नवं भोक पाडता येत नाही, धातूची ताकद जाते. किट बनवणाऱ्यांना विचारून ते भोक असलेला मागचा जोडतुकडाच नवीन बसवला. भोक कोण पाडणार ही चर्चा झाली नाही. सुनंदाताईंनी ड्रिल उचललं. त्याआधी लेव्हल तीनदा लावून बघितली, आणि माझ्याकडूनही वाचून घेतली.

कॅप्टन वर गेले. आमच्या डोक्यावरून खालून उडत गेले तेव्हा त्यांनी स्टिक सोडून दोन्ही हात काचेला लावून दाखवले. पंख हलले नाहीत. दत्तोबांनी टोपी काढून डोळे पुसले. सुनंदाताई विमान दिसेनासं होईपर्यंत बघत होत्या.

या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकलो. कुणाच्याही शेडमध्ये गेलो की आधी तांब्याभर पाणी मागतो. लोक समजतात, साहेबांना तहान लागली. मी ते फरशीवर ओततो.

त्या दिवशी कॅप्टन उतरल्यावर मी कागद आवरायला घेतले, तेवढ्यात सुनंदाताई म्हणाल्या, "साहेब, ते डाव्या पंखाचं लिवलंय, त्याचं काय?"

आमच्याकडे लिहिलेलं पुसत नाहीत. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. मी 'सदोष'वरून रेघ मारली. सही केली.

त्यांनी ती नीट बघितली. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"आता तुमी."

"मी कुठं काय लिवलं हुतं?" दत्तोबा म्हणाले.

"लिवलं न्हवतं. म्हणाला हुता."

दत्तोबांनी माझ्याकडे बघितलं. मी धावपट्टीकडे बघू लागलो. मग माझ्या सहीखाली त्यांनी आपली सही केली, पूर्ण नावानिशी, वहीतल्या त्याच सुरेख अक्षरात.