पिंडाला शिवलेला कावळा

तिसरी शिफ्ट करून आलेल्या माणसाला दुपारी उठवू नये, एवढं आईला कळत होतं. तरी त्या काळात ती मला उठवायची. आधी पायाचा अंगठा ओढायची, मग खांदा हलवायची, आणि मी डोळे उघडले की विचारायची, "बाला, ती आता रडते कशाला?"

ती म्हणजे दुपारच्या मालिकेतली बाई. मालिका हिंदीत होती आणि आईला हिंदी येत नव्हती. मी रोह्याला एका रसायनांच्या कंपनीत प्रयोगशाळेत नोकरीला होतो. डोळे चुरचुरत असायचे, नाकात आम्लाचा वास बसलेला असायचा. अशा अवस्थेत भिंतीला टेकून मी पडद्याकडे बघायचो आणि कोण कोणाला काय म्हणालं ते मराठीत सांगायचो. खोलीत बसलेल्या बायका हात थांबवून ऐकायच्या.

आईला मी गावाहून आणलं होतं. आमचं गाव कासू स्टेशनावर उतरून खाडीच्या अंगाला. वडील गेल्यावर तिने मिठागरावर काम करून मला वाढवलं. खाऱ्या पाण्याने तिच्या टाचांना पडलेल्या भेगा पावसाळ्यातही मिटत नसत. नोकरी लागल्यावर मी पहिलं काम केलं ते तिला रोह्याला आणण्याचं. तिला परत मिठागरावर पाय ठेवू द्यायचा नाही, एवढीच माझी तेव्हाची महत्त्वाकांक्षा होती. पण ती आली ती पाहुण्यासारखी. तिचं गाठोडं कोपऱ्यात बांधलेलंच असे. दर रविवारी एकच वाक्य, "मला हितं करमत नाय रं."

म्हणून टीव्ही आणला. पेणच्या दुकानातून, गाडीच्या दारात मांडीवर धरून. खरं सांगायचं तर आईला रोह्यात ठेवलं ते मी नाही, त्या मालिकेने.

शेजारची वहिनी पहिल्यांदा बघायला आली ती हातात भिजवलेल्या वालांचं पातेलं घेऊन. तिचा नवरा आमच्याच कंपनीत होता, माहेर कोलाडकडचं, भातशेतीवाल्यांचं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढत बसायचं, तेव्हा कुठे बिरडं होतं. एकटीने केलं तर कंटाळवाणं काम. दुसऱ्या दिवशी आईनेही वाल भिजवले. मग घरमालकीण आली, मागच्या बोळातल्या दोघी आल्या. मालिका लागली की मधोमध परात, भोवती बायका आणि वालांच्या सालींचा तो हिरवट, उग्र वास. गोष्ट रंगात आली की हात थांबायचे आणि त्या संध्याकाळी सगळ्यांच्या घरी बिरडं उशिरा शिजायचं.

आईचं गाठोडं कधी सुटलं ते मला कळलं नाही. एकदा पाहिलं तर तिची लुगडी दोरीवर होती आणि गाठोड्याच्या फडक्यात वाल मोड यायला बांधून ठेवले होते.

मग मालिकेतला नवरा मेला. गाडी दरीत कोसळली, त्याला आणलं, चिता पेटली, बाई पांढऱ्या साडीत बसली. बायका डोळे पुसत उठून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आई एका गोष्टीची वाट बघत राहिली, पण ती काही दाखवेनात.

"दहावा नाय केला त्यांनी?" तिने विचारलं.

"केला असेल. सगळं दाखवत नाहीत, आये."

"एवढा मोठा बंगला, एवढी मान्सं, आन् पान ठेवायला कोनी नाय?"

मी झोपलो. पुढच्या आठवड्यात एका सकाळी शिफ्टवरून आलो तर आई मागच्या अंगणात, विहिरीच्या कट्ट्यापाशी उभी. कट्ट्यावर केळीच्या पानावर भाताचा गोळा, वर दही, बाजूला तीळ. वहिनी कमरेवर हात ठेवून हसत होती.

"बघा भावजी, मावशींनी टीव्हीतल्या मानसाचा दहावा काढलाय. आता तेराव्याला आमाला जेवायला बोलावनार."

"हस गो तू," आई म्हणाली. "पोर तान्हं हाय त्याचं. कोनी तरी ठेवायला नको?"

तेवढ्यात कौलावरून कावळा उतरला, इकडेतिकडे पाहिलंही नाही, सरळ गोळ्याला शिवला. आईने हात जोडले. "सुटला," ती म्हणाली आणि शांतपणे चहा ठेवायला आत गेली.

वहिनीला हसू आलं, मला आलं नाही. त्याचं कारण सांगायला हवं. माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा उतरत नव्हता. खाडीच्या काठी पिंड मांडला होता, तिवरांच्या झुडपांवर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. काका एकेक कबूल करत गेले. शेत सांभाळू, भावजयीला अंतर देणार नाही, भावाची उधारी ठेवणार नाही. ऊन चढलं. बाया लांब बांधावर उभ्या होत्या. तिथून आई ओरडली, "पोराला मिठागरावर धाडनार नाय. शिकवीन त्याला!" आणि कावळा उतरला.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पेणच्या कॉलेजात ज्या सरांनी मला पुस्तकं दिली त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. ज्या मावशीकडे परीक्षेच्या दिवसांत राहिलो तिचेही आहेत. पण आईच्या हिशेबात या सगळ्यांच्या आधी तो कावळा होता. मी विज्ञान शिकलो, तरी त्या कावळ्यावर कधी बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

त्यानंतरचे काही महिने मालिका सगळ्यात चांगली चालली. विधवा झालेली ती बाई दिरांशी भांडून घर सांभाळत होती. आईला आता मला उठवावंही लागत नसे. शब्द कळले नाहीत तरी भांडण कळायचं. "दे त्याला उत्तर, दे," असं ती पडद्याला सांगायची.

आणि एका दुपारी माझा खांदा इतका जोरात हलला की मी दचकून उठून बसलो.

"बाला, ऊठ. दारात कोन आलाय, बघ. ही त्याला नवरा म्हनते."

पडद्यावरच्या दारात खरोखर नवरा उभा होता, फक्त माणूस दुसरा होता. पहिल्यापेक्षा उंच, रंगाने उजळ, आवाज वेगळा. बाई त्याच्या गळ्यात पडून रडत होती. वाल सोलणारे हात थांबले होते, पण नेहमीसारखे नव्हे. बायका माझ्याकडे बघत होत्या.

खरं कारण उघड होतं. आधीचा नट मालिका सोडून गेला असणार आणि आता गोष्ट ओढायला नवरा परत हवा होता. पण कोपऱ्यातलं ते जुनं गाठोडं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "अपघातात चेहरा बिघडला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून नवा दिला."

"आन् उंची?" वहिनीने विचारलं. "उंचीचं पन ऑपरेशन? आमच्या ह्यांना घेऊन जाते मी त्या डॉक्टरकडं."

सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

"कावला शिवला होता," ती म्हणाली. "मी सोता बघितला."

"आये, तो आपल्या अंगणातला कावळा..."

"मंग जालला कोन?"

"दुसरा कोणीतरी असेल. ओळख पटली नसेल."

"त्या दुसऱ्याचं घर कुठं हाय? त्याची बाईल वाट बघत असंल ना? तिला सांगितलं कोनी?"

त्या जळालेल्या माणसाबद्दल मालिकेत पुढे कोणी एक अवाक्षर काढलं नाही. बंगल्यात परतलेल्या नवऱ्यासाठी मेजवानी झाली, नाच झाला. आमच्याकडे दहावा झालेला माणूस परत आला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेण्याआधी दारात थांबवतात, अंगावर पाणी ओततात, लहान पोरासारखं परत त्याचं नाव ठेवतात. तिथे कोणी त्याला 'इतके दिवस होतास कुठे, जेवलास का,' एवढंही विचारलं नाही.

तिथून मालिका उतरत गेली. त्याच्या डोक्याला मार लागून तो सगळं विसरला, मग त्याला सगळं आठवलं. त्याची दुसरी बायको निघाली. मग एका सोमवारी बरीच वर्षं उलटून गेली आणि बाईचा मुलगा तिच्याहून थोराड दिसू लागला. बाईच्या केसांत एक पांढरी बट तेवढी आली. वालांना मात्र चांगले दिवस आले. कोणाचे हात आता थांबत नसत. मधल्या जाहिराती यायच्या आत परात रिकामी व्हायची.

मी ठिगळं लावत होतो. बाई जिथे नुसतेच हुंदके द्यायची, तिथे मी दोन वाक्यं घालायचो. दुसऱ्या बायकोला मी नवऱ्याची मानलेली बहीण केलं. एकदा तर पडद्यावर सासू पायऱ्यांवरून पडत असताना मी तिच्या तोंडी शेताच्या वाटणीचं भांडण घातलं, कारण ते आईला पटलं असतं. आई माझ्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघायची. तिला कळत होतं की नाही, कोण जाणे. शिफ्टचा शीण होताच, त्यात हे दुसरं काम. झोपेत मला त्या बंगल्याचे जिने दिसायचे.

आधी मागच्या बोळातल्या दोघी यायच्या थांबल्या. घरमालकिणीने केबल घेतली, तिच्याकडे दुपारी सिनेमा लागायचा. वहिनी सर्वांत शेवटी गेली. "मावशी, रागावू नको गो," ती म्हणाली. "पन मला आता त्या बाईची दया येत नाय. तिला सवय झालीय रडायची."

आई एकटीच वाल सोलत बसायची. मग एका दुपारी मला कोणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा टीव्ही बंद होता आणि दोरीवरची लुगडी कोपऱ्यात गाठोड्यात बांधलेली होती.

"मीठ काढायचे दिस आले," ती म्हणाली. "मी काम नाय करनार, तुझी आन. घर उघडून बसते नुसती. धूळ भरली असंल."

मी पुष्कळ बोललो. तिच्या गुडघ्यांचं सांगितलं, डॉक्टर इथे जवळ आहे ते सांगितलं. मालिका पुन्हा चांगली होईल, असंसुद्धा बोलून गेलो. आणि मला माझीच लाज वाटली.

रविवारी दिव्याला जाणाऱ्या दुपारच्या गाडीने निघालो. डबा जवळजवळ रिकामा होता. आई खिडकीशी, मांडीवर गाठोडं. निडी गेलं. कापलेल्या शेतांत वाल उभे होते. नागोठण्याला गाडी उगाच थांबून राहिली. सुटली तेव्हा आई बाहेर बघतच म्हणाली, "बाला, कासू यायच्या आत ती संपव."

"काय?"

"तुमची मालिका. टीव्हीवाले काय संपवनार नाय. तू संपव. तू सांगायचास ते बरं असायचं."

म्हणजे तिला कळत होतं. मी खूप दमलो होतो. आदल्या रात्रीची शिफ्ट अंगात होती. तरी गाडीच्या खडखडाटात मी सांगायला लागलो.

"तो परत आलेला आहे ना, तो तिचा नवरा नव्हेच. तोतया होता. इस्टेटीसाठी आलेला."

"मंग जालला तो?"

"तोच. तिचाच नवरा जळाला. दुसरं कोणी नाही. कोणाची बायको कुठे वाट बघत नाही."

आईने मान हलवली. "कावला कशाला खोटं बोलंल? आन् मंग ही?"

"ती तोतयाला घालवून देते. घर मुलाच्या हाती देते."

"पोरगा चांगला हाय?"

"बरा आहे. कामात असतो."

"आन् ती?"

बाहेर शेतांपलीकडे पाणी चमकायला लागलं होतं. "ती तिच्या गावी जाते," मी म्हणालो. "घर बंद होतं, ते उघडते."

"कोन हाय तिथं तिला?"

"शेजार आहे. ओळखीची माणसं आहेत."

"पोरगा रडतो?"

"तो नाही म्हणत होता. मग जा म्हणाला."

"व्हय," आई म्हणाली आणि गाठोड्याची गाठ घट्ट केली. "जाऊ दे तिला. लई सोसलं."

कासूला आम्ही उतरलो, खाडीपर्यंत चाललो. कुलूप गंजलं होतं, ते मी दगडाने सैल केलं. ती झाडू घेऊन आत गेली आणि मला म्हणाली, "गाडी चुकंल, जा. वाल बांधून ठेवलेत खोलीत. उद्या मोड येतील. वाया घालवू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालिकेच्या वेळेला मला आपोआप जाग आली. फडकं सोडलं, वालांना चांगले मोड आले होते. ते कोमट पाण्यात टाकले आणि सोलायला बसलो. मला ते जमत नव्हतं, दाणे फुटत होते. शेवटी पातेलं उचलून वहिनीच्या दारात गेलो. तिचा टीव्ही चालू होता आणि तीच बाई रडत होती.

"बघता काय अजून?" मी विचारलं.

"नुसता आवाज हाय घरात," वहिनी म्हणाली. पातेलं माझ्या हातातून घेऊन तिने फुटके दाणे पाहिले. "मावशीला सांगा, हिचं अजून चालूच हाय म्हनावं."

"आमच्याकडे संपली," मी म्हणालो आणि दाराशी टेकून बसलो. वहिनीने एक वाल चिमटीत धरून साल कशी सोडवायची ते दाखवलं, आणि पातेलं आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं.